काहिलीतला भासरा

"माझ्या हाताखाली आजवर एक माणूस पडलेला नाही, बुडलेला नाही आणि हरवलेला नाही," असं अर्जुनरावांनी देऊळघाटच्या शाळेच्या पटांगणात छाती काढून सांगितलं. खरंच होतं ते. त्यांच्या हाताखाली आजवर माणूसच आलेलं नव्हतं.

चीनची लढाई होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. वर बसलेल्या लोकांना एकाएकी दिसलं की देशातल्या मास्तरांची पोटं सुटली आहेत आणि असल्या पोटांच्या भरवशावर हिमालय राखता येणार नाही. लगेच हुकूम निघाला. मास्तरांना डोंगर चढायला शिकवा, गुहेत शिरायला शिकवा, पाण्यात वल्हं मारायला शिकवा, म्हणजे ते पोरांना शिकवतील. आता हे शिकवणारा कोणी पाहिजे, म्हणून अमडापूरच्या शाळेत कवायत घेणाऱ्या अर्जुनरावांना उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरात धाडलं. तिथून ते आले ते लोकरीची कानटोपी घालून. बुलढाणा जिल्ह्याच्या चैत्रात, जिथं कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो, तिथं हा माणूस कानटोपी घालून हिंडायचा. चरकातून उसाचा रस गळावा तसा घाम गळायचा, पण टोपी काही निघायची नाही. टोपी काढली तर उरला तो जुनाच कवायत मास्तर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बर्फावर ते चालले होते, दोराच्या गाठीही शिकले होते, हे मी नाकारत नाही. पण वल्हं मारायचा तास आला की सर्दी झाली म्हणून काठावर शेकोटीजवळ बसून घ्यायचे. कारण त्यांना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट जगात फक्त अर्जुनरावांना माहीत होती, आणि त्यांनी ती स्वतःलासुद्धा फारशी सांगितलेली नव्हती.

देऊळघाटचं हे शिबिर म्हणजे त्यांची परीक्षा होती. शेवटच्या दिवशी पुण्याहून खात्याचे साहेब बघायला येणार होते. साहेबांच्या मनाला आलं तर अर्जुनराव जिल्ह्याचे कायमचे साहस-शिक्षक, आणि हिंडायला सरकारी जीप. नाही आलं तर पुन्हा अमडापूर, पुन्हा शिट्टी, पुन्हा पोरांचं 'एक साथ नमस्ते'. अर्जुनरावांनी निघताना गावात सांगून टाकलं होतं, "आता आलो त जीपनंच येईन." त्यांच्या बायकोनं जीप सावलीत राहावी म्हणून म्हैस गोठ्यातून काढून उन्हात बांधली होती.

आता गंमत बघा. मास्तरांसाठी काढलेल्या या शिबिराला मास्तर एकही आला नाही. हुकूम पोचला त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या तमाम पुरुष मास्तरांना कंबरदुखी, मूळव्याध, चक्कर असलं काही ना काही निघालं. देश मजबूत करायचा होता, पण तो दुसऱ्या कोणी. मग शाळांनी आपापल्या बाया पाठवून दिल्या. बाईला कंबर असते, पण तिचं दुखणं धरायची रीत नाही.

तर पटांगणात आठ-दहा शिक्षिका नऊवारीचा काचा मारून उभ्या. पुढे डोणगावच्या भिमाबाई. पन्नाशी गाठलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि जीभ अशी की शाळा तपासायला येणारे लोक त्यांच्या वर्गावरून चोरपावलानं जायचे. अर्जुनराव हजेरी घेत होते. एका नावाशी त्यांचं बोट थांबलं. मागच्या रांगेत एक बाई नाकापर्यंत पदर ओढून उभी होती. तिनं नुसता हात वर केला. अमडापूरच्या मुलींच्या शाळेतली कौशल्याबाई. अर्जुनरावांच्या धाकट्या भावाची, इंद्रभानची बायको.

म्हणजे अर्जुनराव तिचे भासरे. ज्यांच्याकडे ही रीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर बाईनं पदर नाकापर्यंत ओढायचा. त्याच्याशी बोलायचं नाही, त्यानंही तिच्याशी नाही. चुकून अंगाला अंग लागलं तर दोघांनी नेसत्या कपड्यानिशी आंघोळ करायची. काही सांगायचंच असलं तर मध्ये तिसरं माणूस घ्यायचं, आणि तिसरं माणूस नसलं तर भिंत घ्यायची. लग्न होऊन आल्यापासून कौशल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणायची, "भिंतीबाई, मोठ्याईले सांगा, ताट वाढलं." बाहेरून अर्जुनराव म्हणायचे, "भिंतीबाई, सांगा, येतो." दोघंही सरकारचा पगार घेऊन पोरांना शहाणं करत होती. भिंतीनं कधी तक्रार केली नाही.

तिला परत पाठवावं असं अर्जुनरावांच्या मनात आलं. पण एक बाई जरी कमी झाली तरी शिबिराला माणसं पुरत नाहीत म्हणून ते मोडलं असतं, आणि शिबिराबरोबर जीपही. शिवाय देऊळघाट तिचं माहेर. तिचे वडील उकंडराव सकाळ-संध्याकाळ हात जोडून, "व्याही, काही कमी त नाही ना?" म्हणत यायचे. वल्ही मारायला नाव कुठून आणावी, हा प्रश्न पडला तेव्हा त्यांनीच गुऱ्हाळातली काहील दिली. उसाचा रस कढवायची ती थोरली लोखंडी कढई. पूर आला की नदी ओलांडायला तीच पाण्यात टाकतात.

अर्जुनराव खाकरले. "भिमाबाई, मागच्या बाईले सांगा, रांगेत सरळ उभं राह्य म्हना."

भिमाबाईंनी मागं बघितलं, पुढं बघितलं. "ती तुमच्यापासून पाच हातावर हाये, मास्तर. तिचे कान चांगले हायेत."

"सांगा ना तुमी."

"मी डोंगर चढाले आली का तार ऑफिसात नोकरीले?"

पण सांगितलं त्यांनी. आणि अशा रीतीनं भिमाबाई त्या शिबिरात भिंत झाल्या.

डोंगराच्या दिवशी मुरमाड चढ होता. पाय ठेवला की माती खाली आणि माणूसही खाली. अर्जुनराव वर उभे राहून प्रत्येक बाईला हात देत होते. पहिली वर आली, दुसरी आली, भिमाबाई तर अशा आल्या की अर्जुनरावांचा खांदा उतरायचा राहिला. मग कौशल्याबाई. सवयीनं अर्जुनरावांचा हात पुढे गेला. तिचाही वर आला. दोन्ही हातांत वीतभर अंतर राहिलं असेल, तेवढ्यात अर्जुनरावांना आठवलं. तापल्या तव्यावरून ओढावा तसा त्यांनी हात मागं ओढला, विजारीला पुसला, आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "भिमाबाई, तिले सांगा, उजवा पाय त्या काळ्या दगडावर ठेव."

भिमाबाई बसकण मारून धापा टाकत होत्या. "थांबा, मले दम घेऊ द्या."

"अहो, सांगा लवकर."

"कौशल्या, मास्तर म्हंते, उजवा पाय—"

कौशल्या तिथं नव्हतीच. ती खाली बोरीच्या झुडपात होती. कोपर सोलून निघालेलं. साऱ्या बाया हसल्या. खालून आवाज आला, "भिमाबाई, मोठ्याईले विचारा, हे पडलेलं माणूस मोजाचं का सोडून द्याचं?"

अर्जुनरावांनी मोजलं नाही.

गुहेच्या दिवशी फासा उलटा पडला. डोंगराच्या पोटात जुनी, पडझड झालेली गुहा होती. आत वटवाघळं आणि काळोख. अर्जुनराव पुढे, त्यांच्या मागं भिमाबाई, त्यांच्या मागं कौशल्या. भिमाबाईंना काळोखात दिसत नाही म्हणून बॅटरी कौशल्याच्या हातात. अर्जुनराव मागं वळून भाषण देत होते, "गुहेत माणसानं डोळे उघडे आणि तोंड बंद—" आणि पाऊल उलटं टाकत होते. कौशल्याला त्यांच्या पायामागचा खड्डा दिसला. तोंडही उघडलं तिनं. पण समोर भासरा.

"भिमाबाई," ती घाईनं म्हणाली, "मोठ्याईले सांगा, मांगं खड्डा हाये."

"कोनाच्या मांगं? माह्या?"

"मोठ्याईच्या."

"मास्तर, तुमच्या—"

फच्च असा आवाज झाला. वटवाघळांच्या कितीतरी पिढ्यांनी तिथं जे साठवलं होतं त्यात अर्जुनराव मांड्यांपर्यंत उभे होते. मग खड्ड्यातून आवाज आला, "भिमाबाई, तिले विचारा, दिसत होतं त बोंबलली काऊन नाही?"

"भिमाबाई, मोठ्याईले सांगा, भासऱ्यावर बोंबलाची आमच्या घरात रीत नाही."

भिमाबाईंनी हा निरोप पोचवला नाही. त्या तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या.

एवढ्यावर शहाणा माणूस शहाणा झाला असता. एकीला रीतीनं झुडपात घातलं, दुसऱ्याला वटवाघळांच्या घाणीत. पण अर्जुनरावांचा सगळा जीव जीपमध्ये होता. साहेब येऊन जातील, आपण काठावर उभं राहून हुकूम देऊ, बाया वल्ही मारतील, झालं. काठावर उभा राहिलेला माणूस बुडत नाही, हा त्यांचा हिशेब होता.

शेवटच्या दिवशी साहेब आले. जीप तळ्याकाठच्या लिंबाखाली उभी राहिली. अर्जुनरावांनी साहेबांना नमस्कार केला, पण डोळे जीपवर होते. साहेब बारीक अंगाचे, सोन्याच्या काडीचा चष्मा घातलेले, बोलणं गोड. काहील बघून त्यांना फार कौतुक वाटलं. "वा, स्थानिक साधनांचा उपयोग! हे खरं शिक्षण." जोडीजोडीनं बाया फेरी मारून आल्या. काठावर गाव जमलं होतं. उकंडराव पुढे हात जोडून उभे. सारं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता शिक्षकांनी स्वतः एक फेरी मारून दाखवावी."

"मी इथूनच, साहेब... दोष दिसतात इथून."

"छे छे. आणि सोबत तुमची सर्वांत चांगली विद्यार्थिनी घ्या."

साऱ्या बायांनी एकदम कौशल्याकडे बोट केलं. ती पैनगंगेच्या काठची. काहील तिच्या हाताखाली पाळलेल्या गायीसारखी चालायची.

त्या क्षणी अर्जुनरावांपुढे दोन खऱ्या गोष्टी होत्या. मला पोहता येत नाही, ही एक. ही माझी भावजय आहे, ही दुसरी. पहिली सांगितली तर जीप जाते. दुसरी सांगितली तर पुण्याचा साहेब मागासलेला म्हणतो, आणि जीप जातेच. त्यांनी एकही सांगितली नाही. कानटोपी घट्ट केली आणि काहिलीत पाय टाकला.

बसणार कसं? तोंडासमोर तोंड करून बसता येत नाही. एकामागं एक बसावं तर एक सारखा दुसऱ्याची पाठ बघणार, तेही बरं नाही. शेवटी दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. तिनं वल्हं मारलं तिच्या पुढे, यांनी मारलं यांच्या पुढे. काहील कुठंच जाईना. ती जागच्या जागी जात्यासारखी फिरायला लागली. जोर वाढवला तसा वेगही वाढला. काठावरच्या लोकांना कधी भासरा दिसे, कधी भावजय.

"हे कोणतं तंत्र म्हणायचं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ते आमचे व्याही हायेत," उकंडराव हात जोडून म्हणाले. साहेबांना काही कळलं नाही.

"वऱ्हाडी पद्धत हाये, साहेब," भिमाबाई म्हणाल्या. "पुढचं आन मांगचं एकदमच दिसते."

तिकडे काहिलीत तिसरं माणूस नव्हतं. भिंतही नव्हती. मग बोलणार कोणाशी?

"काहिलीबाई," कौशल्या म्हणाली, "मोठ्याईले सांगा, वल्हं उलट्या अंगानं मारा."

"काहिलीबाई, तिले विचारा, इथं मास्तर कोन हाये?"

"मास्तर तेच हायेत म्हना. पन मले गरगरून राह्यलं."

"गरगरून त मलेही राह्यलं. साहेब पाहून राह्यले, हासत राह्य म्हना."

दोघंही साहेबांकडे बघून हसली. पण काहील फिरत असल्यामुळे ते हसू साहेबांना कमी आणि पलीकडच्या काठावरच्या म्हशींना जास्त मिळालं.

आणि वारा सुटला. कौशल्याच्या डोक्यावरचा पदर उडाला. पदर धरायला तिनं एक हात वर केला, वल्हं निसटलं, ती मागं कलली, आणि तिची पाठ अर्जुनरावांच्या पाठीला लागली. नुसती टेकली. पण विंचू चावावा तसा तो पाच फुटी माणूस बसल्या जागेवरून उडाला. काहिलीत असं उडायचं नसतं. काहील आधी एका कडेवर उभी राहिली, विचार केल्यासारखी थांबली, आणि दोघांना पाण्यात टाकून पालथी झाली.

कौशल्या लगेच वर आली. अर्जुनराव जरा वेळानं आले, ते टोपी डोळ्यांवर घेऊन. हातपाय असे चालले होते की पाणी उकळतंय वाटावं. कौशल्या दोन हातांत त्यांच्याजवळ पोचली आणि तिनं हात पुढे केला.

मरायला टेकलेला माणूस काय ओरडेल? आई म्हणेल, देवाचं नाव घेईल. अर्जुनराव काठाकडे तोंड करून ओरडले, "भिमाबाई, तिले सांगा, मले हात लावू नको!"

आणि खाली गेले.

कौशल्या पाण्यात उभ्याउभ्या पाय मारत म्हणाली, "भिमाबाई, मोठ्याईले विचारा, मंग कोनाचा लावू?"

भिमाबाईंनी तोंडाशी हात नेले. "मास्तर, ती विचारते... गेले वाटते खाली. थांब, वर आले की सांगते."

वर आले. "मास्तर, ती विचारते, कोनाचा—" पुन्हा गेले.

"कौशल्ये, भासरे हायेत, सांभाळून," उकंडराव काठावरून म्हणाले. त्यांचे हात जोडलेलेच होते.

बाया हसत होत्या. मग पाण्यावर नुसती टोपीच तरंगताना दिसली आणि हसणं थांबलं. भिमाबाईंनी चष्मा काढला. आता निरोप नव्हता. "कौशल्या, रीत गेली चुलीत. धर त्या मेल्याले!"

कौशल्यानं पदर कमरेला खोचला. डोकं उघडं, तोंड उघडं, सारं माहेर बघतंय. ती खाली गेली आणि अर्जुनरावांच्या सदऱ्याला धरून वर आली. अर्जुनरावांनी काय करावं? ज्या हाताला डोंगरावर वीतभर अंतर पार करता आलं नव्हतं, तो हात, आणि दुसराही, त्यांनी तिच्या गळ्यात टाकला. मिठी मारली. वेल झाडाला मारते तशी. ती ओढत होती, हे लोंबत होते. पाणी छातीपर्यंत आलं, हात सुटले नाहीत. कमरेपर्यंत आलं, सुटले नाहीत. घोट्यापर्यंत पाण्यात ती सरळ उभी राहिली तरी हा जिल्ह्याचा साहस-शिक्षक तिच्या गळ्यात होता.

"मास्तर," भिमाबाई म्हणाल्या, "जमीन आली."

तेव्हा सुटले.

गर्दीतून कोणी म्हातारा म्हणाला, "अंगाले अंग लागलं. दोघाईले आंघोळ घाला."

"अजून किती घालता?" भिमाबाई कडाडल्या. "तळं रिकामं करता काय?"

एवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. साहेब टाळ्या वाजवत पुढे येत होते. "अप्रतिम! नाव उलटणं, बुडणाऱ्याची घबराट, 'हात लावू नको' म्हणणं, वाचवणाऱ्याच्या गळ्यात पडणं... अगदी हुबेहूब. बुडणारा माणूस अस्साच वागतो. किती दिवस सराव केलात?"

अर्जुनराव चिखलात चार पायांवर होते. तोंडातून तळं बाहेर येत होतं. लिंबाखाली जीप चमकत होती. त्यांनी मान वर केली.

"बरेच दिवस, साहेब."

कौशल्या पदर पिळत होती. तिचे हात थांबले. तिनं अर्जुनरावांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा सरळ तोंडाकडे बघितलं. मग पिळलेला पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढून घेतला.

दुपारी समारोप झाला. साहेबांनी अर्जुनरावांना हार घातला आणि जाहीर केलं की असा शिक्षक जिल्ह्याला कायमचा मिळाला पाहिजे. टाळ्या पडल्या, पण बायांच्या बाजूनं एकही नाही. अर्जुनरावांना ते ऐकू आलं. टाळी न वाजल्याचा आवाज फार मोठा असतो.

"आता ज्या बाईंनी वाचवण्याचा भाग केला, त्यांनी दोन शब्द बोलावेत," साहेब म्हणाले.

अर्जुनरावांच्या गळ्यातला हार जड झाला. ती बोलली तर सगळं संपलं. पण ती बोलणार कशी? समोर भासरा. आणि इथं मी लिहायला लाजणार नाही, कारण त्यांना करायला लाज वाटली नाही. बर्फाच्या डोंगरावर जाऊन आलेला, जगाला साहस शिकवणारा हा माणूस मनातल्या मनात हात जोडत होता, की बाई, आज रीत मोडू नको. आज मुकी राह्य.

कौशल्या उठली. पुढे आली. अर्जुनरावांकडे पाठ करून उभी राहिली. रीत तिनं मोडली नाही.

"भिमाबाई, जरा इकडे या."

भिमाबाई आल्या.

"साहेबाईले सांगा, मोठ्याईनं बुडाची नक्कल लई चांगली केली. पन शिबिरात आमाले शिकवलं की मास्तरानं बुडनाऱ्याले काढाचं. इथं उलटंच झालं. म्हनून आता मी बुडते. मोठ्याईनं मले काढाव. साहेबाईनं पाहूनच जाव."

भिमाबाईंनी शब्दाला शब्द लावून सांगितलं. मध्ये एकदाही दम घेतला नाही.

साहेब आनंदले. "उत्तम सूचना. उजेड आहे, आत्ताच करू."

सारी सभा उठून तळ्याकडे निघाली. पुढे कौशल्या, मागं हार घातलेले अर्जुनराव. बळी द्यायला नेतात त्यालाही हार घालतात, पण त्याला निदान चालताना सबब शोधावी लागत नाही. पोट दुखतं म्हणावं? सर्दी? कौशल्या थांबली नाही. पाण्यात शिरली. गुडघे, कंबर, छाती. मग वळली, तोंड बाजूला केलं आणि एक हात त्यांच्या दिशेनं पुढे धरला. नुसता धरून ठेवला.

अर्जुनरावांनी एक पाऊल टाकलं. बुटात पाणी गेलं. दुसरं पाऊल पडेना.

"साहेब," ते म्हणाले. भाषणातली मराठी कुठल्या कुठं गेली. "मले पोहता येत नाही."

"म्हणजे?"

"मघाशी मी खराच बुडून राह्यलो होतो."

"आणि सराव?"

"नाही केला."

"मग मघाशी 'बरेच दिवस' का म्हणालात?"

अर्जुनरावांनी लिंबाखाली बघितलं. उत्तर तिथं उभं होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि सरळ जीपकडे गेले. जीप सुरू झाली, वळली, तिची धूळ सर्वांच्या अंगावर सारखी बसली. अर्जुनरावांनी हार काढला. तो टाकावा कुठं हे त्यांना कळेना, म्हणून हातातच धरून उभे राहिले.

संध्याकाळी उकंडरावांनी दोघांना एस.टी.च्या फाट्यावर सोडायला बैलगाडी जुंपली. पुढे उकंडराव. त्यांच्या मागं पदर ओढून कौशल्या. अगदी मागं, पाय बाहेर सोडून, उलट्या तोंडानं अर्जुनराव. कासरा हलला की बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत.

जीप गेल्याचं दुःख होतंच. पण जीप गेली ती गेली. त्यांना आत खात होतं ते वेगळंच. बुडताना ज्या गळ्याला धरलं, काठावर आल्यावर तोच गळा मुका राहावा म्हणून आपण मनात हात जोडत होतो. हे आता तिला सांगायला पाहिजे होतं. मध्ये तिसरं माणूस होतं की, तिचा बापच होता. "उकंडराव, तिले सांगा," एवढं म्हणायचं. अर्जुनरावांनी तोंड उघडलंही. आणि त्यांना समजलं की ताट वाढल्याचा निरोप भिंतीकडून जातो, हा जात नाही. हा दुसऱ्याच्या तोंडी दिला की तो राहतच नाही.

बराच रस्ता गेला. मग ते धुळीकडे बघत हळूच म्हणाले, "कौशल्या, माह्यं चुकलं."

उकंडरावांनी बैल थांबवले. त्यांना वाटलं चाक निखळलं. मागं बघितलं, व्याह्यांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. भासरा भावजयीशी सरळ बोलला होता, तोही नाव घेऊन. समोरून बाजार करून देऊळघाटची माणसं येत होती, डोक्यावर गाठोडी, तोंडात पान, सकाळी तळ्यावर हजर असलेली सगळी.

कौशल्यानं समोरून येणाऱ्या माणसांकडे बघितलं. पदर सारखा केला.

"बाबा," ती म्हणाली, "त्याईले सांगा, मले नीट ऐकू नाही आलं. एक डाव अजून बोला म्हना. जरा जोरानं."